तनसीच्या मापाची कमान

मोहाबोडीच्या कमानीचं माप तनसीच्या बंडीवरून घेतलं होतं, आणि घेतलं त्या दिवशी त्यात कोणाला चूक दिसली नाही. दिसायला हवी होती, असं आता सगळेच म्हणतात. आता म्हणायला काय जातं?

आमच्या गावात यायचा रस्ता तलावाच्या पाळीवरून येतो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोलात धानाची शेतं, म्हणजे बांध्या, मधून रस्ता. बाजूनं जायची सोयच नाही. हा तलाव उमराव पाटलाच्या पणज्यानं बांधला, आणि उमरावचे वडील शालीकराम पाटील जन्मभर त्याच्या पाळीला दगड लावत राहिले. कुठं पाणी झिरपताना दिसलं की म्हातारा धोतर खोचून खाली उतरायचा आणि दगड बसवूनच वर यायचा. ते वारले तेव्हा उमराव सरपंच होता. वडिलांच्या नावानं गावाला काहीतरी द्यावं असं त्याच्या मनात आलं. कोणी सुचवलं, समाजमंदिराचं छप्पर गळतं. कोणी म्हणालं, शाळेत संडास नाही.

"बाबाचं नाव संडासावर कसं लिवू?" उमराव म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. म्हणून कमान ठरली. कमानीला छप्पर लागत नाही, पाणी लागत नाही, आणि नाव लिहायला जागा भरपूर असते.

जागा ठरली पाळीच्या तोंडाशी, डांबरी सडक सोडून गावाचा रस्ता सुरू होतो तिथं. उंची किती ठेवायची, असं खेमराज मिस्त्रीनं विचारलं. उमरावनं जाणत्यांना विचारलं. जाणत्यांनी विचार केला की गावात येणारी सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तनसीची बंडी. धानाचा पेंढा लादलेली बैलगाडी निघाली की मागून सगळं निघतं. लगेच बंडी भरून आणली, बांबूनं उंची घेतली, वर हातभर जागा सोडली, आणि सगळ्यांनी पान खाल्लं.

हे सगळं चाललं होतं वैशाखात. वैशाखात तनस उरते किती? हिवाळाभर ढोरांनी खाऊन ढीग बसलेला असतो. उरलीसुरली बंडीत घातली आणि तिला आम्ही भरलेली बंडी म्हणालो. पौषातली बंडी कुठं आणि वैशाखातली कुठं, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं. पण त्या दिवशी तिथं लहान पोर नव्हतं, सगळे जाणते होते.

पौषात खरी भरलेली बंडी आली आणि वरून घासली. झुपकाभर तनस कमानीच्या पोटाला अडकून राहिली. दरवर्षी राहायची. कमानीला दाढी फुटल्यासारखी दिसायची. "बुढ्यानं आपला वाटा घेतला," असं म्हणून आम्ही पुढं जायचो.

कमानीचं उद्घाटन आणि शालीकरामांचं वर्षश्राद्ध एकाच दिवशी झालं. अख्खं गाव जेवलं. भात, वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी. आमच्या गावची एक रीत आहे: ज्याच्या नावाचं जेवलो, त्याच्या नावाच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, म्हणूनच ती पाळली जाते.

फक्त बौद्धांची टोली, म्हणजे त्यांची वस्ती, जेवायला नव्हती. उमराव स्वतः बोलवायला गेला होता. टोलीतल्या रुक्माबाईनं त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "बुढे मानूस बरे होते, पाटील. पर तेरवी-शिराध आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच सोडले. रागावू नका."

उमराव रागावला नाही. पुढं त्याला ह्या नकाराची फार आठवण येणार होती.

रुक्माबाईचा नवरा रत्नपाल बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवायचा. आसपासच्या गावांतल्या निम्म्या नवऱ्या त्याच्या क्लॅरनेटवर रडत सासरी गेल्या होत्या. एका लग्नसराईत त्याला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. तालुक्याला, सडक अर्जुनीच्या दवाखान्यात दर मंगळवारी हातापायाचा व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई यायच्या. बोटं हलवत राहिलात तर हलतील, नाहीतर अशीच राहतील, असं त्यांनी सांगितलं होतं. पण सडक अर्जुनीला न्यायचं कसं? गावात एसटी येत नव्हती. मग रुक्माबाई बचत गटाच्या बाया घेऊन डेपोत जाऊ लागली. बाया जेवणाचे डबे न्यायच्या आणि साहेबांच्या टेबलासमोरच उघडायच्या. अंबाडीच्या भाजीच्या वासात फायली वाचणं साहेबांना जड जाऊ लागलं. दोन हजार सहा साली, दिवाळी झाल्यावर, मोहाबोडीपर्यंत गाडी मंजूर झाली.

पहिल्या दिवशी सगळं गाव पाळीच्या तोंडाशी जमलं. शाळेचं लेझीम होतं, नारळ होता, आणि उमरावच्या खिशात भाषण होतं. गाडी आली. केळीचे खांब बांधलेली गाडी सडकेवरून वळली आणि कमानीसमोर थांबली. ड्रायव्हर मुन्नालाल गोंदियाचा. तो खाली उतरला. त्यानं कमानीकडे पाहिलं, गाडीच्या टपावरच्या कॅरियरकडे पाहिलं, परत कमानीकडे पाहिलं.

"ये किसने बनाया?"

आम्ही सगळ्यांनी अभिमानानं उमरावकडे बोट केलं. उमरावनं हात जोडले.

"हाइट किस हिसाब से रखी, पाटीलजी?"

"तनसीच्या बंडीच्या," कोणीतरी मागून म्हणालं.

"तो फिर बंडी ही बुलाओ. मेरी गाडी तो नहीं घुसेगी."

 मग खेमराज मिस्त्री पुढं झाला. चाकांची थोडी हवा सोडली तर गाडी खाली बसेल, असं त्याचं म्हणणं होतं.

मुन्नालालनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "रोज?"

नारळ तिथंच फोडला. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, दाराजवळ मोकळी जागा होती, तिथं गाडी वळवून मुन्नालाल निघून गेला. सगळे म्हणाले, इथपर्यंत आली हेच खूप. पाटलाच्या तोंडावर दुसरं कोणी काही बोललं नाही. पाठीमागेही नाही. उमराव वाट पाहत उभा होता. खिशातलं भाषण घामानं भिजलं. शेवटी रुक्माबाई त्याच्याजवळून गेली. ही तर जेवली नव्हती. आता ही बोलेल म्हणून त्यानं मान खाली घातली.

"जयभीम, पाटील," ती म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून उमरावला चैन पडेना. कमान पाडावी तर वरच्या फरशीवर बापाचं नाव, ठेवावी तर गाडी बाहेर. मग त्यानं मधला मार्ग काढला. पदरच्या खर्चानं कमानीबाहेर टिनाचा निवारा उभारला. त्यात बाकडं ठेवलं. पाण्याचा रांजण ठेवला, रांजणाला साखळीनं बांधलेला पेला ठेवला. मग आरसा आणि कंगवा लावला, कारण गाडीची वाट पाहताना माणसाचे केस उडतात. त्याच्या डोक्यात वाचनालयही होतं. सगळ्या सोयी तिकडे आणि गाव इकडे. समाजमंदिर गळतच होतं.

लोक कौतुक करायचे. पंधरा ऑगस्टला त्याचा सत्कार झाला. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरली, तेव्हा दंडारीच्या नाचगाण्याच्या मंडळीनं त्याच्या नावाचं गाणं रचलं आणि त्याला पहिल्या रांगेत बसवून म्हटलं. निवाऱ्यावर एक कडवं, रांजणावर एक. कमानीवर कडवं सुरू होणार तोच पोट दुखतं म्हणून उमराव उठला. खोटं नव्हतं.

आणि दर मंगळवार यायचाच. रुक्माबाई रत्नपालला सायकलच्या कॅरियरवर बसवायची, शेल्यानं सीटला बांधायची आणि सायकल ढकलत पाळीची सगळी लांबी चालायची. तिची वाट उमरावच्या ओसरीसमोरून होती.

"जयभीम, पाटील."

"जयभीम, रुक्माबाई."

एवढंच. ना टोमणा, ना वाकडी नजर. पहिले काही मंगळवार उमराव ओसरीवर बसून होता. नंतर तो सकाळीच गुरांच्या कोठ्यात जाऊ लागला.

"मंगळवार आला का तुमी कोठ्यात काऊन जाता जी?" चंद्रकांतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं विचारलं.

"बैलाईले पाहासाठी."

"बैल वावरात आहेत."

उमराव खालच्या शेणाकडे पाहत राहिला. "मी चुकलो का वो?"

"मले नोका विचारू. बुंदी मीच पाडली होती."

शेवटी त्यानं एक मंगळवार गाठून आपलं खाचर जुंपलं आणि टोलीत नेऊन उभं केलं. खाचर म्हणजे दोघांपुरती हलकी बैलगाडी. गादी घातली होती, लोडसुद्धा ठेवला होता.

रुक्माबाईनं लोडाकडे पाहिलं. "आज आनलं. उद्या चिखलनीले बैल जुपले का मंग?"

"दुसरे बैल सांगीन."

"राहू द्या, पाटील. गाडी मंजूर आहे. गावापावतर मंजूर आहे." एवढं बोलून तिनं शेल्याची गाठ आवळली. उमराव रिकामं खाचर घेऊन परत आला. वाटेत ज्यानं त्यानं विचारलं, पाटील, गादी घालून कुठं?

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पाळीवर चिखल झाला. पावसाळ्यात बरेच मंगळवार रुक्माबाई दिसलीच नव्हती. न दिसली की उमरावला आधी बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर वाईट वाटायचं. त्या मंगळवारी उघाड होती. ओसरीसमोरून जयभीम गेलं, कोठ्यातून त्यानं ते ऐकलं. थोड्या वेळानं पाळीकडून आरडाओरडा ऐकू आला.

उमराव धावला. सायकल घसरून बांधीत गेली होती. रत्नपाल सीटला बांधलेला, म्हणून तोही सायकलसकट गेला होता. रुक्माबाई कमरेपर्यंत चिखलात उभी राहून त्याचं डोकं पाण्यावर धरून होती. गाठ चिखलानं सुटत नव्हती. उमरावनं उडी मारली, दातांनी शेला फाडला, आणि दोघांनी मिळून त्याला वर ओढलं. ओढताना पोटरीवर आलेला धान आडवा झाला. बांधी उमरावचीच होती.

पाळीवर आणून बसवल्यावर रत्नपालनं मोडलेल्या धानाकडे पाहिलं. बोलायला त्याला वेळ लागायचा, अर्धंच तोंड काम करायचं.

"पाटील," तो म्हणाला. "नुकसान... झालं जी... तुमचं."

 उमरावनं तलावाचं पाणी आणून रत्नपालचे पाय धुतले. उजव्या पायाला ते कळत नव्हतं. मग तो रुक्माबाईसमोर उभा राहिला. दोघंही डोक्यापर्यंत चिखलानं माखलेली.

"बाई, मले शिव्या द्या."

"कायले?"

"गावातलं कोनी देत नाई. सारे जेवले. तुमी नाई जेवल्या, तुमाले मोकळीक आहे."

रुक्माबाई लुगड्याचा पदर पिळत होती. पिळून झाल्यावर म्हणाली, "मोकळीक आहे म्हनूनच सांभाळून ठेवल्या. आज देल्या, तर तुमी घरी जाऊन पोटभर जेवान, गाढ झोपान. मन हलकं. आन कमान तशीच राहीन. मंग पुढच्या मंगळवारी काय देऊ तुमाले?"

तिनं फाटलेल्या शेल्याची दोन टोकं जोडून गाठ मारली, रत्नपालला परत सायकलवर बसवलं आणि घराकडे वळवलं. दवाखान्याला न्यायची एसटी तोवर गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमराव खेमराज मिस्त्रीच्या दारात गेला. "चाल. कमान पाडाची."

"मले नाई जमत, पाटील. मी जेवलो बा. बुंदी तर दोनदा वाढून घेतली."

दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. टोलीतली दोनचार तरुण मंडळी आपणहून घन घेऊन निघाली होती, त्यांना जेवणाची अडचण नव्हती. रुक्माबाईनं त्यांना वाटेत अडवलं.

"बाप कोनाचा होता? तुमचा?"

मंडळी घन खांद्यावर तसाच ठेवून मागं चालत आली. मग सगळं गावच पाळीच्या तोंडाशी जमलं, गाडीच्या पहिल्या दिवशी जमलं होतं तसंच. फक्त लेझीम नव्हतं.

उमराव शिडीवर चढला. शिडी खेमराजची होती. शिडी देण्यात त्याला दोष वाटला नाही. वर जाऊन उमरावनं फरशीवरच्या नावावरून हात फिरवला. धूळ पुसली. काहीतरी पुटपुटला, ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग घन उचलला आणि नावाच्या बाजूला, गिलाव्यावर मारला.

पहिल्या घावाला सिमेंटची एक खपली आणि गेल्या पौषातली तनसीची दाढी, एवढंच पडलं. दाढी वाऱ्यानं उडून त्याच्याच डोक्यावर बसली. तो शिडीवर तसाच बसला आणि खांदे हलायला लागले. डोळ्यात चुना गेला, म्हणाला. कमानीत चुना कुठंच नव्हता, सगळं सिमेंटचं काम होतं, हे खेमराजला ठाऊक होतं. त्यानं शिडी घट्ट धरून ठेवली.

गर्दीत केवलराम नावाचे म्हातारे होते, शालीकरामांच्या बरोबरीचे. वैशाखात बांबू त्यांनीच धरला होता. ते काठी टेकत पुढं आले.

"उतर खाली," ते उमरावला म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "पोरानं आग देल्ली. आता पाहत काय उभे राहता? आपआपलं लाकूड टाका."

आणि आम्हाला एकदम कळलं की हे जमेल. चितेला मुलानं अग्नी दिला की मग प्रत्येक जण एक लाकूड टाकतो, त्यात मेलेल्याचा अपमान नसतो, मानच असतो. रांग लागली. प्रत्येकानं एक घाव घालायचा आणि घन पुढच्याला द्यायचा. केवलरामांच्या घावानं काहीच झालं नाही, पण त्यांनी घातला. खेमराजनं बुंदीचा हिशेब धरून दोन घातले. बाया आल्या, चंद्रकांताही आली. टोलीतली मंडळी आली. रुक्माबाईनं रत्नपालला जवळ आणून डाव्या हातात एक दगड दिला. त्यानं तो खांबावर टेकवल्यासारखा मारला. मग रांग परत पहिल्यापासून सुरू झाली. संध्याकाळपर्यंत वरचा भाग खाली आला आणि दोन्ही बाजूंना दोन ठुंठं उभी राहिली.

नावाची फरशी मात्र अखंड निघाली. कोणी म्हणालं, समाजमंदिरात लावा. कोणी म्हणालं, निवाऱ्यात, आरशाखाली. उमरावनं कोणाचं ऐकलं नाही. पाळीच्या मधोमध एका ठिकाणी पाणी झिरपत होतं, तिथं तो खाली उतरला. बापानं बसवलेल्या दगडांमध्ये एक जागा मोकळी होती. तिथं फरशी ठोकून बसवली, नाव आत, मातीकडे. वाचता येत नाही. झिरप थांबली आहे.

कमानीचा मलबा उचलून पाळीवरच्या चिखलात पसरता पसरता सोमवार उलटला. मंगळवारी गाडी आली. मुन्नालालनं सवयीनं दोन ठुंठांपाशी वेग कमी केला, खिडकीतून मान काढून वर पाहिलं. वर आभाळ होतं. तो पाळीवरून सावकाश आत आला आणि समाजमंदिरासमोर, उमरावच्या ओसरीच्या तोंडाशी थांबला. ह्या वेळी उमराव ओसरीवर होता.

रुक्माबाईनं रत्नपालला दारातल्या सीटवर बसवलं. मग ती खिडकीशी बसली आणि काच खाली केली.

"पाटील, इकडे या जी."

उमराव टोपी काढून खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

"आता ऐका."

आणि तिनं सुरू केलं. वैशाखातल्या बंडीपासून सुरू केलं. बांबू धरणारे, मान हलवणारे, पान खाणारे, सगळ्या जाणत्यांना एकेक करून घेतलं. मग निवारा, रांजण, साखळीचा पेला. आरसा-कंगव्यापाशी ती जरा जास्त रेंगाळली. मंडईतल्या गाण्याचं प्रत्येक कडवं तिला पाठ होतं. खाचरातला लोडही सुटला नाही. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेल्या शिव्या होत्या, एकही खराब झाली नव्हती. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, पण तो दोरी ओढत नव्हता. मुन्नालालनं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. उमराव मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, पुष्कळ दिवसांनी, काहीतरी सैल झालेलं दिसत होतं.

शेवटी ती थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "पावसात पाळीवर चिखल राहे, तवा आमी घरीच राहिलो. बोटं हलवाची राहून गेली. डाक्टरीन बाई म्हनते, आता उशीर झाला. त्या मंगळवाराईचं काय करता, पाटील?"

उमरावनं वर पाहिलं. रत्नपाल दुसरीकडे बघत होता. त्याचा उजवा हात मांडीवर पालथा ठेवलेला होता, दुसऱ्या कोणी आणून ठेवल्यासारखा. उमरावच्या चेहऱ्यावर सैल झालेलं सगळं परत आवळलं.

रुक्माबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. काच वर केली. घंटी वाजली, गाडी गेली.

रुक्माबाईचं बहुतेक सगळं बरोबर निघतं. शिव्या खाल्ल्या की माणूस पोटभर जेवतो आणि गाढ झोपतो, हे तिचं म्हणणं मात्र उमरावच्या बाबतीत चुकलं. चंद्रकांता सांगते, त्या दिवशी भात ताटात तसाच राहिला.

पुढच्या मंगळवारी तो ओसरीवरही नव्हता आणि कोठ्यातही नव्हता. गाडी यायच्या आधीच तो समाजमंदिरासमोर येऊन उभा होता. पायरी उंच असते. रत्नपालचा उजवा पाय उचलून तिच्यावर ठेवायला कोणीतरी लागतं.